कुलूप ज्याचे, त्यानेच काढायचे

धाकटी राहत होती त्या वस्तीच्या मागेच बसचे आगार होते. सकाळी पहिल्या बसच्या आवाजाने सगळी वस्ती जागी होई. मात्र तिथले कोणी त्या फाटकातून कामावर गेल्याचे ऐकिवात नव्हते. त्यामुळे परिवहन खात्याने अशा वस्त्यांतल्या मुलींसाठी सुट्टीत प्रशिक्षण शिबिर काढले, तेव्हा आईने त्याकडे संशयानेच पाहिले. फुकट मिळालेल्या गोष्टीचे पैसे पुढे वसूल होतात असा तिचा अनुभव होता, आणि तो खोटा ठरवणारा पुरावा तिला अजून कोणी दाखवला नव्हता. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर ती एका अटीवर राजी झाली: आगारातून एक जरी तक्रार आली, तरी शिबिर बंद आणि दुसऱ्या दिवसापासून शिलाईयंत्र.

शिबिरातला पहिला धडा कुलपाचा होता. बसखाली शिरण्याआधी प्रत्येकाने तिच्या मुख्य स्विचला आपले कुलूप घालायचे, म्हणजे वरून कोणी चुकूनही इंजिन सुरू करू शकत नाही. किल्ली ज्याची त्याच्याजवळ राहते, आणि काम संपल्यावर कुलूप ज्याचे त्यानेच काढायचे. धाकटीला मिळालेले कुलूप लाल होते. ते घालायला ती कधी विसरली नाही.

काढायला मात्र विसरली. त्या संध्याकाळी शिबिरात शिकवणाऱ्या मिस्त्रींनी तिला प्रथमच एकटीने ग्रीस भरू दिले होते. बसखालून बाहेर आली ती हवेत तरंगतच. हात धुतले आणि घर गाठले.

सकाळी आगाराचा शिपाई दारात उभा राहिला. बस अडकून पडली आहे, किल्ली घेऊन चल, एवढेच तो म्हणाला. आईचे शिलाईयंत्र थांबले. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. आईही चपला घालून निघाली. तिने चार शिव्या घातल्या असत्या, तर धाकटीला बरे वाटले असते.

आगारात ड्रायव्हर बसच्या पायरीवर बसला होता. त्याचे प्रवासी दुसऱ्या गाडीत कोंबून पाठवले गेले होते, आणि फोनवर त्यांची बोलणी त्यालाच खावी लागली होती.

"आल्या का बाईसाहेब? आता आम्हाला निघायची परवानगी आहे ना?"

धाकटीने किल्ली दोनदा उलटी लावली. कुलूप उघडायला वेळ लागला. मग मिस्त्रींनी आवाज न चढवता तिची खरडपट्टी काढली. कोणाकोणाचा खोळंबा झाला ते सांगितले, दिवसभर पान्याला हात लावायचा नाही म्हणून बजावले, आणि संध्याकाळी सगळ्या बसचे स्विच तपासण्याचे काम तिच्या गळ्यात घातले.

आईने ते सगळे ऐकून घेतले.

"दादा, एवढंसं ते कुलूप. पकडीने तोडलं असतं तर आमच्या दारापर्यंत माणूस पाठवावा लागला नसता."

"पकड आहे की," मिस्त्री म्हणाले. "पण पोरीचं कुलूप म्हणून आज हे तोडलं, तर उद्या घाईघाईत माझंही कोणी तोडेल. आणि तेव्हा मी खाली असेन."

ड्रायव्हर घड्याळाकडे पाहत होता, तो बसखाली पाहू लागला.

आई विचारात पडली. एवढी मोठी बस तिच्या मुलीच्या हाताची वाट पाहत थांबली होती. एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये हे तिलाही कळत होते. पण अशी एक घटनादेखील तिच्या खात्यावर याआधी जमा नव्हती.

"मग ही तक्रार धरायची का?" तिने विचारले.

धाकटीने मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"तक्रारच आहे, ताई. इथं काम करणाऱ्या प्रत्येकाची करतो मी."

आई मुलीकडे वळली. "सगळे स्विच बघून यायला तुला उशीर होणार," ती म्हणाली. "जेवण झाकून ठेवते."