कोरडी परात

आमची म्हातारी गळते. जिथे उभी राहील तिथे काळे थेंब टाकते, म्हणून तिच्या नाकाखाली मी घरातली जुनी परात सरकवून ठेवते. पाहुणे नाक मुरडतात. आमचे हे मात्र म्हणतात, "गळतेय ना? मग बरी आहे. न गळणाऱ्या विमानात तेलच नसतं."

म्हातारी म्हणजे आमचं विमान. माझ्या सासऱ्यांपेक्षाही वयाने मोठं. पंख कापडाचे, आणि नाकात गोल मांडलेली नऊ सिलिंडरं, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखी. पंखांचं कापड मी शिवते, कारण लग्नाआधी माझा धंदाच शिवणकामाचा. इंजिन मात्र यांच्या हाताखाली शिकले, बोलणी खात. उडवायचं काम यांचं होतं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी यांची छाती तपासली, मान हलवली, आणि ते काम माझ्या नणंदेकडे आलं. तिला घरीदारी सगळे टिटवीच म्हणतात. तोंड उघडलं की आभाळ डोक्यावर घेते.

त्या सकाळीही घेतलंच होतं. "वहिनी, आटप गं! हवा बघ कशी चकचकीत आहे. दुपारी ढग येतील, मग बसू दोघी हात चोळत."

मी हँगरचं दार ढकललं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या दोऱ्या खाली लोंबत होत्या. मी सवयीने वाकून परातीत पाहिलं.

परात कोरडी.

बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ. तीन आठवडे म्हातारी उभी, आणि थेंब नाही? टिटवीला म्हटलं तर ती टाळ्या वाजवत म्हणाली, "शहाणी झाली म्हातारी! तूच ते वायसर बदललं होतंस ना मागे?"

बदललं होतं. पण एका वायसरने म्हातारपण जातं का?

स्विच बंद आहेत ना, हे आधी पाहिलं. मग पुढचा लाकडी पंखा हातांनी फिरवायला घेतला. इंजिन सुरू करण्याआधी हे रोजचंच. उभ्या विमानात तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत जाऊन बसतं. तसंच सुरू केलं तर आतला दट्ट्या त्या तेलावर आपटतो. तेल दबत नाही, मग दट्ट्याचा दांडा वाकतो. म्हणून आधी हाताने फिरवायचं. आत तेल असेल तर पंखा भिंतीला टेकल्यासारखा अडतो. अडला की जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढायचे, तेल सांडू द्यायचं.

पंखा अडला नाही. पाळणा ढकलावा तसा गेला, पात्यामागून पातं. टिटवी म्हणाली, "झालं समाधान?"

समाधान कसलं? परातीत नाही, सिलिंडरांत नाही, जमिनीवर नाही, मग तेल गेलं कुठे?

तेवढ्यात फोन वाजला. हे.

"सुरू केलंत?"

"नाही अजून."

"मग आज राहू दे. वारा फार आहे."

मी दाराबाहेर पाहिलं. वारा दाखवायची कापडी पिशवी खांबावर ओल्या बाहीसारखी लोंबत होती. "कुठे आहे वारा?"

"इथे आहे. घराजवळ." फोन बंद.

घर तीन गल्ल्या पलीकडे.

मी पाने-पकडी मांडल्या, पुसल्या, पुन्हा पेटीत ठेवल्या. टिटवी हँगरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती. चार ठिकाणी हात लावून झाला, दोनदा टोपी काढून घातली. पुन्हा फोन.

"टिटवीला भूक लागली असेल. घरी या आधी."

"ती खाऊन आलीये."

"आणि तू?"

"अहो, झालंय काय तुम्हाला?"

"कुठे काय." फोन पुन्हा बंद.

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मी जेवले का हे विचारायला कधी फोन केला नव्हता. समोर बसून विचारलं नव्हतं, तर फोन कुठला!

"दादाचा जीव जळतोय, दुसरं काही नाही," टिटवी म्हणाली. "आपण उडतो आणि तो खिडकीत बसतो. मी लावते स्टार्टर." आणि पंखावर पाय देऊन वर चढलीसुद्धा.

"हात लावू नकोस!"

मी इतकी ओरडले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. टिटवी जागच्या जागी थिजली. मला तरी कुठे ठाऊक होतं मी का ओरडले? पण ओरडल्यावर डोकं चालायला लागलं. मी खालच्या सिलिंडरला हवा नेणाऱ्या जाड नळीशी पाना लावला आणि जोड सैल केला.

आधी एक काळा धागा आला. मग धाग्याची दोरी झाली. परात वाजायला लागली, मग वाजायची थांबली, कारण तळ झाकला गेला होता.

टिटवी हळूच खाली उतरली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "नळीत कसं गेलं हे?"

"पंखा उलटा फिरवल्याशिवाय जात नाही."

अडलेला पंखा उलटा फिरवला की तेल सिलिंडरातून मागे नळीत ढकललं जातं. पंखा मोकळा होतो, माणूस फसतो. इंजिन सुरू झालं की तेच तेल पुन्हा आत ओढलं जातं. दांडा तेव्हाच वाकतो, किंवा थोडा वाकून दम धरतो आणि झाडांच्या वर गेल्यावर तुटतो.

"मी नाही," टिटवी म्हणाली.

"मीही नाही."

हँगरची तिसरी किल्ली आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असते.

हे दारात उभे होते. चालत आले होते, धापा टाकत, शर्टाचं बटण भलत्याच काजात. आधी परातीकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि चढायच्या लाकडी खोक्यावर मटकन बसले.

"दादा!" टिटवीचा आवाज परत आला. "मी एवढीशी होते तेव्हा कान धरून कोणी शिकवलं? पंखा अडला तर देव खाली उतरला तरी उलटा फिरवायचा नाही. कोणी?"

"मी."

"मी आत्ता बटण दाबलं असतं तर?"

"म्हणून तर फोन केला."

"वाऱ्याचा केलास! जेवणाचा केलास! खरं बोलायला काय पैसे पडत होते?"

यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसं बघत राहिले.

"काल संध्याकाळी आलो होतो," ते म्हणाले. "नुसता वास घ्यायला. पंखा दिसला, म्हटलं, एक पातं ओढून बघू. अडला. मला वाटलं, माझाच हात गेला. तेल आठवलंच नाही गं. वाटलं, छाती गेली, आता हातही गेला. म्हणून जरा मागे घेतला, झोका मिळावा म्हणून, आणि मग पुढे ओढला. गेला. सरळ गेला. घरी जाताना शीळ घालत गेलो मी."

खरंच. काल शीळ वाजवत आले होते. मला वाटलं होतं, औषध लागू पडलं.

"सकाळी दात घासताना मनात आलं, हात होता की तेल होतं? आणि ते विचारायचं तर हात अडल्याचं तुम्हाला सांगावं लागलं असतं."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"अहो, परात बघा. एवढं तेल आत होतं. पहिलवान असता तरी अडला असता. मी असते तरी अडले असते. तुमचा हात गेलेला नव्हता. आत तेल होतं, एवढंच."

"म्हणजे हात..."

"हात जागेवर आहे. डोकं जागेवर नव्हतं."

टिटवी फिस्सकन हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला तोंड फिरवलं. पंखा हातानेच फिरवला होता, स्टार्टर लागला नव्हता, म्हणून दांडा शाबूत होता. तरी आम्ही खालचे प्लग काढले, नळ्या रिकाम्या केल्या, तेलाचा शेवटचा थेंब गळेपर्यंत वाट पाहिली. मग मी बाजूला झाले. "ओढा."

"मी?"

"नाहीतर काय शेजाऱ्यांना बोलावू?"

त्यांनी पातं धरलं. पुढे, फक्त पुढे. एकेक पातं मोजत, ओठ हलवत, जणू कुणाला निजवत होते. मोकळ्या भोकांतून फस् फस् वारा आला, तेल आलं नाही.

सगळं जागच्या जागी बसवल्यावर टिटवीने बटण दाबलं. म्हातारी खोकली, शिंकली, निळा धूर ओकली, आणि एकेक सिलिंडर जागं होत नऊच्या नऊ एका सुरात बोलायला लागली. गवत आडवं झालं. चाकांनी जमीन सोडली.

ती वर गेली आणि हे खाली फिरत राहिले. दारापासून खांबापर्यंत, खांबापासून दारापर्यंत, मान वर, कान वर. एकदा थबकले, "आवाज बदलला का?" मी म्हटलं, नाही. पुन्हा चालायला लागले. मलाही उभं राहवेना, म्हणून मी परात रिकामी करून पुसत बसले, पुसलेलीच पुन्हा पुसत.

झाडांमागून तिचा सूर परत ऐकू आला तेव्हा ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पुढच्या वेळी किती वाजता येता तुम्ही?"

"कशाला?"

"पंखा ओढायला. अडला तर अडला म्हणून सांगायला माणूस नको?"

"डॉक्टरांना विचारा आधी."

"डॉक्टरांना उडण्याचं विचारलं होतं. पंख्याचं नव्हतं विचारलं."

"मग आता विचारा. आणि ती तिसरी किल्ली माझ्याकडे द्या."

त्यांनी खिशात हात घातला, किल्ली माझ्या तेलकट तळव्यावर ठेवली, आणि म्हातारी धावपट्टीला टेकायच्या आतच परात पायाने सरकवत सरकवत तिच्या नाकाच्या जागी नेऊन ठेवली.