ढगाळ दिवसाचं ऊन

आभाळ सकाळपासून गच्च भरलेलं, आणि गच्चीवरचं मीटर मात्र भर उन्हात असल्यासारखं पळत होतं.

बाई ओलं फडकं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. लॉन्ड्री त्यांची, गच्चीवरची सोळा सौर पॅनेलं पुसायचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. शाळा दुसरीपर्यंतच, पण आकडे कळत. ढग आले की हे मीटर पेंगतं, हे त्यांना पाठ होतं.

सरकारी योजना साधी होती. उन्हापासून जेवढी वीज काढाल, तेवढे युनिटमागे पैसे. आज तपासनीस यायचा होता. त्याची सही झाली की वर्षाचे पैसे हातात, आणि खालचा कोळशाचा बॉयलर भंगारात, त्याजागी विजेवरचा नवा. त्या बॉयलरपाशी त्यांची लेक दिवसभर उभी असे. तिचा खोकला आता गच्चीपर्यंत ऐकू येई.

खाली चहाची सुट्टी झालेली, यंत्रं बंद. तरी मागच्या शेडमध्ये जनरेटर धडधडत होता. तिथून पाण्याच्या पाइपाआडून एक काळी केबल वर चढली होती, थेट मीटरच्या पेटीत.

"जावईबापू!"

जावई धावत वर आला. "आई, हळू बोला."

"डिझेल जाळून उन्हाचे पैसे?"

"डिझेलला जातात त्याहून जास्त मिळतात. सगळेच करतात."

"सगळे शेण खातात म्हणून मीही पान मांडू?"

"पकडले गेलो तर हातचं जाईल. गप्प राहिलात तर बॉयलर जाईल. लेकीकडे बघा."

एवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला.

तपासनीसाने मीटर पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "खाली जनरेटर कसला?"

"धुलाईचा, साहेब," जावई घाईने म्हणाला.

"पॅनेलं चांगली दिसतात." त्याने पैशांच्या अर्जाचा कागद पसरला आणि पेन उघडलं. "ही सही तुमचीच ना?"

बाईंनी पाहिलं. जन्मभर अंगठा दिलेला. या एका कागदासाठी त्या लेकीकडून शिकून आठ दिवस सही गिरवत बसल्या होत्या. तिरकी होती, पण त्यांची होती. खालून खोकल्याची उबळ आली. बाईंच्या हातातलं फडकं पिळलं गेलं.

"माझीच. म्हणून सांगते, पेनाला टोपण घाला. जावईबापू, खाली जाऊन ते बंद करा."

जावई हलेना.

"जाताय, की मी जाऊ? गुडघे दुखतात माझे, पण एवढे नाही."

तो गेला. धडधड थांबली. मीटर रांगायला लागलं. तपासनीसाने पाइपाआडची केबल ओढून पाहिली.

"कधीपासून?"

"चार महिने," परत आलेला जावई खाली मान घालून म्हणाला.

"ते सगळे रद्द. दंडही भरावा लागेल."

"आणि त्याआधीचे आठ?" बाई म्हणाल्या. "ते रोज या हातांनी पुसलेत."

त्याने जुने आकडे तपासले. बराच वेळ लावला. आठ महिन्यांचे धरले, दंड वजा केला. उरलं त्यात नवा बॉयलर बसत नव्हता.

बाई जिना उतरल्या. बॉयलरपाशी लेक तोंडाला पदर लावून उभी होती. त्यांनी तिच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"तू आजपासून इस्त्रीला, खिडकीपाशी." आणि मागून उतरणाऱ्या जावयापुढे त्यांनी फावडं धरलं. "घ्या, बापू. नवा बॉयलर येईपर्यंत इथे तुम्ही."