एकदाच लावायची कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, मित्रांनो. बोरी बुद्रुकला कुशाबाईंच्या गोठ्याच्या दाराला असते. जुन्नरच्या बाजारातून मला विकत आणताना त्यांनी दोनदा ओढून पाहिलं होतं. तेव्हा तो नुसता चोखंदळपणा होता.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो. म्हणून दिवेलागणीला शेळ्या आत घ्यायच्या, कडी लावायची, एकदा ओढून बघायची, ही घरोघरची रीत. परक्याला तो भित्रेपणा वाटेल. इथे त्याला शहाणपण म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पाहुणे आले आणि चहाच्या गडबडीत कुशाबाईंकडून मी लावायची राहिले. बिबट्याने काळी शेळी नेली. घरात त्यांना कुणी बोललं नाही. त्या मात्र स्वतःला बोलत राहिल्या.

मग त्या मला दोनदा ओढू लागल्या, मग दहादा, मग चाळीसदा. मोजताना आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. जेवण गार व्हायचं, बोटांना घट्टे पडले. आणि गाव कौतुक करायचं! शेजारच्या लंकाबाई आपल्या सुनांना सांगायच्या, "कुशाबाईकडनं शिका जरा. तिच्या गोठ्यात मुंगी शिरायची न्हाई." मीही फुशारले. बिबट्याच्या गावात आजारही काळजी म्हणून खपून जातो, हे मला कुठं ठाऊक?

पुढे त्यांच्या लेकीच्या, श्रेयाच्या बाळाचं बारसं शिनोलीला, तिच्या सासरी ठरलं. कुशाबाईंनी बाळंतविडा बांधला, ठेवणीतली साडी नेसल्या. रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्या आणि मला ओढायला परत आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. तेवढ्यात एसटी निघून गेली. त्या मला धरून दारातच खाली बसल्या.

बाळाला आजीविनाच पाळण्यात घातलं. मानपानात काही राहिलं म्हणून विहीणबाई रुसल्या, असं शिनोलीकरांनी ठरवलं. श्रेयालाही ते खरं वाटलं आणि तिचे फोन थांबले. इकडे लंकाबाईंचा सूर पालटला, "येडी झाली ती. देवरुषाकडं न्या." कालची हुशार बाई आज वेडी. हात तोच, कडी तीच.

सून हर्षाली त्यांना जुन्नरला, मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी काही गेले नाही, पण दोघी गोठ्यात बोलल्या ते ऐकलं. बाईंनी सांगितलं होतं, बिबट्याच्या गावात कडी तपासणं मुळीच वेडेपणाचं नाही. पण नकोसं होऊनही थांबता येत नसेल, त्यापायी जगणं अडत असेल, तर तो आजार. त्याला औषध आहे, सराव आहे. कडी एकदाच लावायची, आणि घरच्यांनी "लागली" अशी ग्वाही द्यायची नाही; ग्वाहीने शंका आणखी वाढते.

ते हर्षालीला फार जड गेलं. सासू कळवळून विचारायची, "कडी लागली ना गं?" ही मान खाली घालून भाकरी थापत राहायची. चाळीसाचे वीस व्हायला दोन महिने लागले. मध्येच एका आठवड्यात पुन्हा तीस झाले. मग हळूहळू दहा, पाच, दोन.

गेल्या महिन्यात बाळाचं जावळ होतं. हर्षालीने सगळं सांगितल्यावर श्रेया फोनवर एवढंच म्हणाली होती, "आई, तू आल्याबिगर कात्री लावायची नाय."

कुशाबाईंनी मला लावलं, एकदा ओढलं आणि हर्षालीबरोबर निघाल्या. वळणावर थांबल्या. मागे वळल्या.

"हर्षाली, परत जाऊन बघावंसं वाटतंय गं."

"वाटू द्या, आत्या. तसंच चला."

त्या तशाच गेल्या. मित्रांनो, रिकाम्या वळणाकडे मी किती वेळ बघत होते, सांगू?

तुमच्या घरात कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत असेल, तर हसू नका, आणि नुसतं कौतुकही करू नका. जवळ बसा. याचा तुला त्रास होतो का, एवढं विचारा.

मी आता थोडी गंजतेय. चाळीसदा हात फिरायचा, तेव्हा लखलखत होते. पण हल्ली कुशाबाई मला एकदा लावतात आणि आत जाऊन गरम भाकरी खातात. तिचा वास गोठ्यापर्यंत येतो. माझं तेवढ्यावर भागतं.