यादीतलं पाचवं नाव

पालीच्या मठात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. लोक दारात नाव-गाव सांगून बसायचे आणि पाळी आली की महाराजांपुढे हात पसरायचे. महाराज नाडी धरायचे, आतून येणाऱ्या अंगाऱ्याच्या थाळीत बोट फिरवायचे आणि थेट रक्ततपासणीतला आकडा सांगायचे. रत्नागिरीच्या लॅबचा रिपोर्ट पिशवीतून काढून पाहावा, तर आकडा तोच! माणसं रडत पाया पडायची.

२००३ सालच्या उन्हाळ्यात मालगुंडच्या गंगुबाई तिथे गेल्या.

"तुझी साखर एकशे बत्तीस," महाराज म्हणाले.

"पण म्हाराज, कागदावर तीनशे बारा हाय."

"कागद माणसाचा, आकडा देवाचा! सुई टाकून दे. सुईनंच तुझं रक्त नासलंय."

गंगुबाईंनी इन्सुलिन बंद केलं. पाचव्या दिवशी त्या बेशुद्ध पडल्या, सहाव्या दिवशी गेल्या.

त्यांची लेक समीक्षा ही नीरजाची शाळेपासूनची मैत्रीण. नीरजा त्याच लॅबमध्ये कॉम्प्युटरवर काम करायची. भेटायला गेली तेव्हा समीक्षाने तिला हे सगळं सांगितलं. एकशे बत्तीस हा आकडा नीरजाच्याच हातून चुकून टाइप झाला होता. लॅबचे डॉक्टर दत्तात्रेय यांनी छापलेल्या कागदावर पेनाने दुरुस्ती केली होती. कॉम्प्युटरमध्ये मात्र चूक तशीच राहिली होती. मग ती महाराजांना कळली कशी?

पुढच्या गुरुवारी ती सकाळपासून सर्व्हरसमोर बसली. सगळे रिपोर्ट त्या मशीनमध्ये साठायचे आणि त्याला त्या क्षणी कोणकोण जोडलेलं आहे, त्याची यादी पडद्यावर दिसायची. लॅबमध्ये कॉम्प्युटर चार, यादीत नावं चार. दहा वाजले आणि पाचवं नाव उमटलं. हरिश्चंद्र, टेलिफोन लाइनवरून.

लॅबचं सॉफ्टवेअर त्यानेच बसवलं होतं. दुरुस्तीसाठी दिलेला त्याचा पासवर्ड कुणी बंदच केला नव्हता. मठातली गर्दी पांगायच्या सुमारास ते नाव यादीतून गेलं.

"डॉक्टर, हा दीड वर्षात इकडे फिरकला नाही. मग गुरुवारी बसून काय दुरुस्त करतो?" नीरजाने विचारलं.

"आत्ता पासवर्ड बंद केला तर महाराज म्हणतील, देव रुसला," डॉक्टर म्हणाले. "लोकांसमोर उघडं पडू दे."

पुढच्या गुरुवारी सकाळी नीरजाने समीक्षाच्या नावाचा एक खोटा रिपोर्ट भरला आणि ती, समीक्षा व डॉक्टर असे तिघं पालीला गेले.

महाराजांनी समीक्षाचं मनगट धरलं. "हिमोग्लोबिन चार! पोरी, तुझे दिवस भरलेत."

"महाराज, मी रक्त कधी तपासायला दिलंच नाही."

डॉक्टरांनी मागच्या खोलीचा पडदा ओढला. कॉम्प्युटरसमोर हरिश्चंद्र बसलेला, शेजारी मोडेम आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. समीक्षाने थाळीतला अंगारा बाजूला सारला. खाली चिठ्ठी होती: 'समीक्षा, चार.'

नीरजा मैत्रिणीजवळ गेली.

"समीक्षा, तो एकशे बत्तीस मी चुकून टाइप केला होता."

समीक्षाने महाराजांकडे बोट दाखवलं. "तुझी चूक डॉक्टरांनी खोडली होती गो," ती म्हणाली. "आयेची सुई ह्यानं बंद केली."

गर्दीतून तुळसा नावाची एक म्हातारी पुढे आली. "मीपण टाकलीय सुई. गेल्या गुरुवारपास्नं."

डॉक्टर तिला तसंच गाडीकडे घेऊन गेले. नीरजा लोकांकडे वळली.

"माझी चूक ह्यांनी देवाची वाणी म्हणून सांगितली आणि एक माणूस गेलं. ह्यापुढे कुणी न सांगता तुमचं दुखणं ओळखलं, तर पाया पडू नका. विचारा, तुला हे कुठून कळलं? उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका."