पाक टिंबटिंब

पुराणवस्तू खात्यात त्यांना तोंडावर सगळे ‘पाक सस्मोयो’ म्हणत आणि पाठ वळली की ‘पाक टिंबटिंब’. वडीलधाऱ्याला लावायचा तो ‘पाक’ मात्र कुणी गाळत नसे. टिंगल करायची तीही अदबीने, हा आमच्या जावा बेटाचा रिवाज.

नाव पडायला कारण होतं. शिळेवरचं अक्षर झिजलेलं असलं की बाकीचे विद्वान ते अंदाजाने भरून मोकळे होत. सस्मोयो ओला कागद शिळेवर ब्रशने ठोकून ठसा घेत, ऊन कललं की तिरप्या उजेडात पुन्हा बघत, डोळे मिटून बोट फिरवत, आणि तरीही अक्षर हाती लागलं नाही तर तिथे टिंब देत. एका अक्षराला एक टिंब. त्यांच्या वाचनाची पानं मुंग्या लागल्यासारखी दिसत.

त्यांचं सगळं आयुष्य अडकलं ते तिर्तोसारीच्या शिळेवर. राजाने गावाला जमिनीचा सारा माफ केला, त्याची ती सनद. तारखेत शके, मग शंभराचा आकडा, मग सत्तेचाळीस. त्यातला शंभराचा आकडा नेमका फुटलेला. उरली होती एक शेपटी, आणि शिळेच्या जुन्या कावी लिपीत तशी शेपटी आठालाही असते, नवालाही. आठ धरला तर तिर्तोसारी जिल्हा शेजारच्या जिल्ह्याहून थोरला ठरतो, नऊ धरला तर धाकटा. इकडे प्रत्येक जिल्ह्याला वाढदिवस लागतो आणि तो अशाच शिळांतून उकरून काढतात. तेव्हा कुणाला काय हवं होतं हे सांगायला नको. सस्मोयोंनी तरुणपणी तिथे टिंब दिलं आणि म्हातारे झाले तरी ते हलू दिलं नाही.

त्यांचा प्रबंध ‘निष्कर्ष कुठे आहे?’ असा शेरा मारून परत आला. ते सहायक म्हणून चिकटले आणि सहायक म्हणूनच निवृत्त झाले. घर चालवलं बायकोने, बू सुमिराहने. शाळेच्या फाटकाशी बसून तिने वर्षानुवर्षं पेचेल विकलं. पालेभाज्या उकडायच्या, शेंगदाणे कुटायचे, पानात बांधून द्यायचं. आता अर्धांगाने तिची उजवी बाजू गेली होती आणि ती दिवसभर खाटेवरून घर हाकत होती.

प्रमेस्ती त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. तिचं बोट धरून त्यांनी ते शिळेवरून फिरवलं होतं. टिपासुद्धा कावीतच लिहायच्या, ही सवयही तिला त्यांचीच. “आपल्या भाषेत टीप लिहिलीस तर कावी पाहुणीच राहील,” ते म्हणत. डोंगरात मुक्काम असला की दोघं हजार वर्षांपूर्वीच्या भाषेत भात कच्चा राहिल्याची तक्रार करत आणि पोट धरून हसत. मग प्रमेस्तीने एक निबंध लिहिला, त्यात शेपटी आठाची ठरवली आणि ती प्राध्यापक झाली. सस्मोयोंनी तिचं नाव घेणं सोडलं.

तीच एक दिवस फळांची करंडी घेऊन दारात उभी राहिली.

“पाक गुरू, तिर्तोसारीत नवी शिळा उभी करतोय. काळा दगड, पुरुषभर उंच. जुनीची पाठ कुणा दिवट्याने शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासली, आता तिथे हाताला काहीच लागत नाही. मागच्या बाजूचं वाचन जगात फक्त तुमच्याकडे आहे.”

“आणि पुढची बाजू?”

“ती आहे की.”

“तारखेत काय कोरणार?”

प्रमेस्ती ओढणी सारखी करू लागली. खाटेवरून बू सुमिराह कडाडली, “बोल की बाई! आठ की टिंब? त्या एका टिंबापायी शेंगदाणे कुटून कुटून माझा हात गेला. ते टिंब आता जाणार असेल, तर मी कुटलं कशासाठी?”

“टिंबच राहील, बू. शब्द देते.”

“शब्द काय, तुम्ही शिकलेली माणसं पोत्याने देता.”

“आता द्या हो ते वाचन,” प्रमेस्ती सस्मोयोंकडे वळून म्हणाली, “तुमचं नाव शिळेच्या पायाशी घालते.”

“नाव नको. टिंब घाल.” त्यांनी कपाट उघडून कागद काढून दिले. ती गेल्यावर त्यांनी करंडीतलं मँगोस्टीन स्वतः सोलून बायकोला भरवलं. कित्येक वर्षांनी ते गुणगुणत होते.

समारंभाला बू सुमिराहला नेणं शक्य नव्हतं. “नीट बघून या,” तिने बजावलं, “आणि मला येऊन सांगा.”

मैदानात मांडव होता, भाताचा पिवळा डोंगर रचला होता, पोरी नाचून गेल्या. मग नाटकमंडळीतला एक नट पुरोहित होऊन आला. सनदेच्या विधीत पुरोहित शिळेवर अंडं फोडतो आणि म्हणतो, हे जसं पुन्हा सांधत नाही तसा शपथ मोडणारा सांधू नये. पण जिल्ह्याचे प्रमुख बुपाती, त्यांच्या कोटावर शिंतोडे नकोत म्हणून कुणीतरी अंडं उकडून आणलं होतं. ते शिळेवर आपटलं, टुणकन उडालं आणि गवतात घरंगळलं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

“शेजाऱ्यांनो, ऐकताय ना?” बुपाती गरजले. “आजपासून थोरले आम्ही!”

पडदा ओढला गेला. सस्मोयोंनी पहिली ओळ पाहिली. शंभराच्या जागी वाटोळा, ठसठशीत, सोन्याचा मुलामा दिलेला आठ होता.

त्यांनी प्रमेस्तीकडे पाहिलं. ती दुसऱ्या रांगेत कुणाशी तरी मन लावून बोलत होती. एका आकड्याने जगबुडी होत नाही हे त्यांनाही कळत होतं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. त्यांना भयंकर राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली, की या वयातही आपण शब्दावर भुललो.

“आता म्बाह सस्मोयो शिळा वाचतील!” निवेदक ओरडला. “या आजोबा, या!”

त्यांनी माइक घेतला. “शके,” म्हणाले, थांबले, आणि मग म्हणाले, “सत्तेचाळीस.” आवाज तुटला असं समजून माइकवाल्याने धावत येऊन तार हलवली. निवेदकाने प्रसंग सावरला, “आठशे! आठशे सत्तेचाळीस!” टाळ्यांचा कडकडाट झाला. ध चा मा करायला इथे लेखणीसुद्धा लागली नाही.

मग ते मागच्या बाजूला गेले. तिथे शाप होते. सीमा मोडेल तो रानात गेला तर त्याला वाघ खावो, नदीत गेला तर मगर ओढो, शेतात गेला तर पावसावाचून वीज पडो. पुढच्या ओळीवर बोट आलं आणि ते अडखळले. ही अक्षरं राजाची नव्हती, त्यांची स्वतःची होती. त्या जागी मूळ शिळा फुटलेली, म्हणून त्यांनी कागदावर टीप लिहिली होती, सवयीने, कावीत. टंकलेखकाला सनद कुठे संपते आणि टीप कुठे सुरू होते हे कळायला कावी यावी लागली असती. त्याने सगळंच एका ओळीत घेतलं आणि पाथरवटाने सगळंच कोरलं.

सस्मोयोंनी घसा साफ केला आणि ज्या खर्जात शाप वाचले त्याच खर्जात, कावीतच, वाचलं, “इथे शिळा भंगली आहे. जे दिसत नाही ते लिहू नये.”

“आमीन!” हाही शापच समजून सगळं मैदान एका सुरात म्हणालं. बुपातींनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.

प्रमेस्ती मात्र आमीन म्हणाली नाही. ती खाऊचं खोकं घेऊन लगबगीने त्यांच्यापाशी आली.

“अगबाई, पाक गुरू, तुमची टीप कोरली गेली की! मी नजरेखालून घालायला हवं होतं. काळजी करू नका, पुढच्या वाढदिवसाआधी दुरुस्त करून घेते.”

“दुरुस्त म्हणजे?”

“ती ओळ काढायची आणि तिथे दुसरा शाप घालायचा. नागाबिगाचा. असतोच ना इतर सनदांत?”

“इथे होता का?”

“आता ते कुणाला कळणार आहे? वाचणारे आपण दोघंच तर उरलोय.”

“दोघं नाही,” सस्मोयो म्हणाले. “वाचणारा एकच. तू लिहिणारी.”

ती कसनुशी हसली आणि खोकं त्यांच्या हातात ठेवून बुपातींच्या फोटोत उभी राहायला पळाली.

घरी आले तेव्हा बू सुमिराह उशीला टेकून दाराकडे बघत बसली होती. शेजारणीकडून तिने वेणी घालून घेतली होती.

“काय हो? ठेवलं का टिंब?”

त्यांनी चपला काढल्या, खोकं खाटेवर ठेवलं. तिचा चांगला हात चादरीची कड घट्ट धरून होता.

“ठेवलं,” सस्मोयो म्हणाले.

“अगदी तुम्ही दिलं होतं तिथेच?”

“तिथेच. वरून सोन्याचा मुलामा दिलाय.”

“बघा!” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “मी म्हणत नव्हते, एक दिवस मानतील म्हणून? आता उभे काय राहिलात? बसा, खा काहीतरी.”