दत्तारामचं ब्रह्मचर्य

सत्त्याऐंशी साली आमच्या नाहूरच्या चाळीत मी महाराज झालो. मी म्हणजे दत्ताराम, गिरणीतली नोकरी सुटल्यावर मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर बसणारा वॉचमन. दिवसभर खुर्ची, चहा आणि सिगरेट.

चव्वेचाळिसाव्या वर्षी बायकोजवळ जायची माझी ताकदच गेली. एकदा, दोनदा, मग नेहमीच. सुगंधाला कळलं तर तिच्या मनातून कायमचा उतरेन, या भीतीनं मी थाप मारली, "मारुतीचं ब्रह्मचर्य धरलंय मी."

तिनं ते खरं मानलं, माझं अंथरूण गॅलरीत टाकलं आणि चाळभर सांगितलं. बायका पाया पडू लागल्या. दर शनिवारी कोणाकडून वडे, कोणाकडून शिरा यायचा. मी गुमान खायचो आणि सुटत चाललो होतो.

दोन वर्षांनी स्टेशनचा पूल चढताना पोटऱ्या आवळायला लागल्या. कारखान्याच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजलं, छाती ऐकली, मग वाकून पावलांवरची नाडी चाचपली. पावलातही नाडी असते हे मला ठाऊकच नव्हतं.

"बायकोबरोबर सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

"व्रत आहे माझं."

"आधी काय आलं, व्रत की त्रास?"

मला रागच आला. सदरा अंगात असून या माणसानं मला उघडं पाडलं होतं. "त्रास," मी पुटपुटलो.

"सिगरेट, प्रेशर, बसून राहणं, यांनी रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात," ते म्हणाले. "तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक. म्हणून बऱ्याचदा तिथं आधी कळतं. कार्डिओग्राम काढू. सिगरेट आजपासून बंद, आणि रोज चालायचं."

"ते परत येईल?"

"येईलही. आधी जगायचं बघा."

मी थक्क झालो. ज्या दुखण्याला दोन वर्षं शिव्या घातल्या, ते माझं काळीज वाचवायला हाका मारत होतं. एवढं शहाणपण माझ्याच अंगात होतं आणि मला पत्ता नव्हता. मनगटाची नाडी धरून हळूहळू चालत घरी आलो.

सुगंधा तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. व्रत खोटं होतं, हेसुद्धा.

तिनं सूप बाजूला सारलं, जवळ आली आणि माझ्या छातीला कान लावला. बराच वेळ तशीच ऐकत राहिली.

"चालू आसा," ती म्हणाली. "बाकीचा मगे बघू."