हेमचंद्रांची खपली

हेमचंद्र गेले त्याच्या बाराव्या दिवशी सकाळी यामिनी बेसमेंटमध्ये उतरली आणि पायरीवरच थबकली. आई खलबत्ता घेऊन बाबांची खपली कांडत बसली होती. गवताची टोपली अर्धीअधिक रिकामी.

"आई, ते बियाणं होतं!"

"परवा गोडाचं जेवण. चाळीस माणसं येणार. त्यांच्याच गव्हाची खीर नको?" आईने मान वर केली नाही. "ओलवून कांडलं की साल सुटतं. सांगलीची आहे मी, मला शिकवू नकोस."

"पण कांडलेलं उगवत नाही गं. एवढंच होतं."

इथे परदेशात, एटोबिकोच्या घराच्या परसात बाबा आठ वर्षं हा सालाचा गहू पेरत आले होते. दर पिकातला थोडा पुढच्या एप्रिलसाठी राखायचा. टोपलीही त्यांनीच वळली होती, पुस्तकातला फोटो बघून. इजिप्तमधलं फैयूम. वाळवंटाकाठी खणलेले खड्डे, आतून गवताच्या वेटोळ्यांचं अस्तर, तळाशी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे दाणे.

"यामे, ही आपली खपली!" गावचं माणूस परक्या विमानतळावर भेटावं तसे ते ओरडले होते. मग आवाज खाली आला. "पिरॅमिड फार नंतरचे. त्याआधी कुणीतरी भुकेनं रडत्या पोरासमोरही हे दाणे पेरणीसाठी झाकून ठेवले. पहिला शेतकरी तो."

यामिनीने टोपलीत हात घातला. दाणे सालात मिटलेले, गार. या सात हजार वर्षांतल्या एका जरी हंगामात भुकेल्या माणसांनी होते नव्हते ते सगळे खाल्ले असते तर? ती पायरीवर बसली.

"खीर दलियाची करू," ती म्हणाली.

"दलियाची? जन्मभर नावं ठेवली त्यांनी दलियाला!"

"आता नाही ठेवणार."

आई हसली. हसता हसता पदर तोंडाशी गेला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

मग तिने बत्ता बाजूला ठेवला. परातीतले ओलवलेले, अजून न कांडलेले दाणे बोटांनी चाचपले.

"हे भिजलेत. आता थांबणार नाहीत, एप्रिल आहेच, आजच पेरू," ती उठत म्हणाली. "टोपली झाक, त्यातले पुढच्या वर्षाला. आणि कुदळ कुठे ठेवायचे गं तुझे बाबा?"